नाताळच्या आधीचा एक दिवस फक्त घरच्यांसाठी: गोठा, कलकल आणि चौथी मेणबत्ती (आम्ही कसं करतो ते सगळं)

आमच्या वसईत डिसेंबर लागला की घरात कोणी सापडत नाही. 16 तारखेपासून नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू, कॅरलवाले रोज रात्री, गावागावात गोठ्यांच्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यांच्या स्पर्धा, चांदण्या लावायला पोरं पत्र्यावर चढलेली, त्यात नाताळ झाला की लगेच लग्नांचा सीझन म्हणून टेलरकडे फेऱ्या, आणि जे विरार लोकलने रोज मुंबईला जातात त्यांना तर सुट्टी 25 लाच. मग होतं काय, की 24 ला दुपारी आपण कढईसमोर, मुलं मोबाईलवर, नवरा मार्केटमध्ये, सासूबाई एकट्या खोलीत, आणि रात्री चर्चमध्ये मिस्साला (मुख्य उपासनेला) बसल्यावर डोळे मिटतात ते प्रार्थनेसाठी नाही तर झोपेने. माझं स्वतःचं तसं बरीच वर्षं झालं आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं. म्हणून गेली सहा वर्षं आम्ही नाताळच्या आधीचा एक अख्खा दिवस घरी ठेवतो, कुठे जायचं नाही, कोणाला बोलवायचं नाही. काहीजणींनी विचारलं की नक्की काय काय करता, तर सगळं नीट लिहिते. तुमच्याकडे पद्धती वेगळ्या असतील, तुमच्या पद्धतीने बदला.

दिवस कोणता धरायचा

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या तयारीच्या काळाचा, चौथा रविवार. म्हणजे नाताळच्या आधीचा शेवटचा रविवार. शनिवारी ऑफिस असतं, 24 ला जीव थाऱ्यावर नसतो, त्यामुळे हाच बरा. फक्त एक बघा, ज्या वर्षी नाताळ सोमवारी येतो (2023 ला आला होता तसा) त्या वर्षी चौथा रविवार म्हणजेच 24 तारीख असते, तेव्हा हा दिवस एक आठवडा आधी तिसऱ्या रविवारी घ्या. नाताळ मंगळवारी असेल तर रविवार 23 ला येतो, ते चालतं पण तळण थोडं कमी करा.

तारीख ठरली की नोव्हेंबरमध्येच सगळ्यांना सांगून ठेवा, फ्रीजवर लिहून चिकटवा. आमच्याकडे पहिल्या वर्षी मी तोंडी सांगितलं आणि आयत्या वेळी एकाची क्रिकेट मॅच निघाली, एकीचा क्लास निघाला. आता फ्रीजवर लिहिलेलं असतं म्हणून कोणी दुसरं काही ठरवत नाही. नातेवाइकांनाही आधीच प्रेमाने सांगा की त्या दिवशी आम्ही घरीच असतो पण घरच्या घरीच असतो, संध्याकाळी फोन करतो. लोक समजून घेतात, खरंच घेतात.

आधी काय उरकून ठेवायचं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे असं माझं ठाम मत आहे, कारण त्या दिवशीची शांतता आदल्या आठवड्यात कमवावी लागते.

केक आधीच झालेला पाहिजे. सुका मेवा आम्ही नोव्हेंबरच्या सुरुवातीला भिजवतो, मनुका, काळे मनुके, खजूर, संत्र्याची साल आणि आमच्या वसईची सुकेळी बारीक चिरून (राजेळी केळी उन्हात सुकवून करतात ती, केकमध्ये घालून बघा एकदा, खजुराला मागे टाकते). रम नको असेल तर संत्र्याचा रस घालून फ्रीजमध्ये ठेवा, पण मग दोन-तीन दिवसांच्या वर नको. केक त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात भाजून बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात. विषय संपला, त्या दिवशी ओव्हन लावायचाच नाही.

घराची साफसफाई, पडदे, चांदणी लावणं हे सगळं शनिवारपर्यंत. चांदणीची वायर आणि बल्ब शुक्रवारीच तपासा, रविवारी कोणी स्टुलावर चढून बल्ब शोधत बसायचं नाही.

सोरपोतेल (डुकराच्या मटणाचा पदार्थ) त्या दिवशी करायचं नाही. ते 22-23 ला करा, दोन दिवस मुरलं की 25 ला चवीला उतरतं. फुग्यांचं (तळलेल्या गोल पावांचं) पीठ तर 24 च्या रात्रीचं काम.

आणि गहू! गोठ्यात हिरवं गवत लागतं, ते विकतचं प्लॅस्टिकचं आणू नका हो. तिसऱ्या रविवारी, म्हणजे बरोबर एक आठवडा आधी, मूठ-दोन मूठ गहू रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी पसरट डब्याच्या झाकणात किंवा जुन्या ताटलीत बोटभर माती घालून दाटीने पसरा, वर मातीचा पातळ थर. दोन दिवस अंधारात, ओलं कापड झाकून. कोंब दिसले की खिडकीत ठेवा आणि हाताने पाणी शिंपडा, ओतायचं नाही, ओतलं की कुजतात. रविवारपर्यंत बोटभर ते चार बोटं वाढतात. नाचणी पेरली तर गवत जास्त नाजूक येतं, दिसतं पण सुंदर, पण तिला दोन-तीन दिवस जास्त द्या. पाणी शिंपडायचं काम घरातल्या लहान मुलाला द्या, आमचा धाकटा रोज शाळेतून आला की आधी गवत बघायला जातो, दप्तर पाठीवरच.

सकाळ

सकाळची लवकरची मिस्सा करून या, साडेआठपर्यंत घरी. येताना पाव आणा आणि बाकी काही आणायचं नाही, बाजारात शिरलात की अकरा वाजतात. नाश्ता साधा, पाव, ऑम्लेट, चहा.

मग फोन. यावर आमच्याकडे थोडं भांडण झालं होतं आधी, आता जमलं आहे. सगळे फोन देवघरापाशी एका टोपलीत, आवाज चालू ठेवून, म्हणजे कोणाचा खरंच अर्जंट कॉल आला तर कळतो. मोठ्यांचेही. मुलांचे घ्यायचे आणि आपला पदरात ठेवायचा असं केलं की मुलं ऐकत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. एक फोन मात्र मुद्दाम ठरलेल्या वेळी काढायचा, ते पुढे सांगते.

गोठा (साधारण 9 ते 12)

गोठ्याचा देखावा पहिल्यांदा असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात केला, खरा बैल, खरं गाढव आणून. गरीब माणसांना बाळयेशूचा जन्म डोळ्यांनी दिसावा म्हणून. मुलांना हे काम सुरू करायच्या आधी सांगा, म्हणजे स्पर्धेचे लायटिंगवाले मोठे गोठे बघून त्यांना आपला लहान वाटत नाही.

आमचा गोठा दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद, जुन्या फळीवर. वर्तमानपत्राचे बोळे करून डोंगर, त्यावर मातीच्या पाण्यात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, ते वाळलं की दगडासारखं दिसतं (हे शनिवारी करून ठेवा, ओलं असताना मूर्ती ठेवल्या तर डाग पडतात). छप्पर पेंढ्याचं किंवा झावळीचं. पेंढा गावात कोणाकडेही मिळतो, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी झाडूच्या काड्या वापरल्या तरी छान दिसतं. मग गव्हाच्या ताटल्या डोंगराच्या पायथ्याशी ठेवायच्या आणि कडा वाळूने झाकायच्या. बल्ब एकच लावा, पिवळा, लहान एलईडीचा. साधा बल्ब पेंढ्याजवळ अजिबात नको, तो तापतो आणि पेंढा क्षणात पेटतो. गोठ्यात मेणबत्तीही नको.

मूर्ती काढताना घाई करू नका, आमच्या मते हाच गोठ्याचा खरा भाग आहे. सासूबाईंकडे मातीच्या मूर्ती आहेत, त्यांच्या लग्नाच्या आधीपासूनच्या, प्रत्येक मूर्ती जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. एकेक उघडायची आणि ज्याच्या हातात येईल त्याने ठेवायची. एका मेंढपाळाचा हात तुटलेला आहे, तो कधी तुटला, कोणी तोडला, ते सासूबाई दरवर्षी कादोडीत, म्हणजे वसईकडच्या बोलीत, सांगतात आणि मुलं दरवर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकतात. माझं माहेर वसईचं नाही त्यामुळे मला कादोडी आधी कळायची नाही, ती मी जास्त करून या गोठ्यापाशी बसूनच शिकले.

तीन राजे (बाळयेशूच्या दर्शनाला येणारे) गोठ्यापासून लांब ठेवा, कपाटावर किंवा खिडकीत, आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडे पुढे सरकवा. ते पोचतात प्रकटीकरणाच्या सणाला, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. मुलांना हे सरकवणं फार आवडतं.

जेवण

साडेबाराला जेवायचं आणि साधंच. आमच्याकडे मुगाची खिचडी, सुकटीची चटणी, पापड, लोणचं. कोणी उपाशी राहत नाही आणि भांडी पण थोडीच. 25 ला पंचपक्वान्न आहेच, आज जेवणाचा घाट घातला की घरातली बाई पुन्हा स्वयंपाकघरात अडकते आणि मग हा दिवस तिचा राहत नाही. भांडी जेवलेल्या सगळ्यांनी मिळून घासायची, हे पण फ्रीजवर लिहून टाका.

जेवायला बसायच्या आधी पंधरा मिनिटं काढून कलकलचं (नाताळच्या तळलेल्या गोड पदार्थाचं, कृती पुढे आहे) पीठ मळून झाकून ठेवा. जेवण आणि वामकुक्षी होईपर्यंत ते तासभर छान मुरतं.

कलकल

दिवसाला एकच तळणीचा पदार्थ, हा माझा नियम. करंज्या आम्ही आधीच्या शनिवारी दोघी जावा मिळून करतो, गुलाबफुलं शेजारच्या मावशींकडून येतात (साचा त्यांचाच आहे), मिल्क क्रीम आणि डेट रोल एकेका संध्याकाळी. पण कलकल या दिवसासाठी राखून ठेवा. कारण करंजीत एक लाटतो, एक भरतो आणि बाकीचे बघत बसतात, कलकलमध्ये मात्र चार वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळ्यांचे हात एकाच वेळी चालतात. कोणी कुलकुल म्हणतं, मंगळुरी कोंकणी लोक किडयो म्हणतात, वळून झाल्यावर अळीसारखं दिसतं म्हणून.

प्रमाण असं, यात साधारण दीड मोठे डबे भरतात:

मैदा अर्धा किलो, बारीक रवा 2 टेबलस्पून, पिठीसाखर 100 ग्रॅम, मीठ पाव चमचा, साजूक तूप 3 टेबलस्पून, एका मोठ्या नारळाचं घट्ट दूध (पाऊण ते एक वाटी लागेल, सगळं लागेलच असं नाही), थोडी वेलची. तळायला तेल. पाकासाठी वेगळी साखर 200 ग्रॅम.

काहीजण अंडं घालतात, त्याने खुसखुशीत होतात, पण आम्ही घालत नाही कारण पीठ दुपारभर बाहेर राहतं.

मैदा, रवा, साखर, मीठ एकत्र चाळून घ्या. तूप कडकडीत गरम करून मोहन घाला, आधी चमच्याने हलवा आणि मग हाताने चोळा, मूठ दाबली की मुटका झाला पाहिजे आणि बोटाने ढकलला की फुटला पाहिजे. मग नारळाचं दूध थोडं थोडं घालत पुरीच्या पिठाइतकं घट्ट मळा. एकदम ओतू नका, साखर विरघळली की पीठ आपोआप सैल होतं आणि मग वरून मैदा घालावा लागतो आणि मैदा घातला की कलकल दगड होतात. मळून झालं की ओल्या कापडाखाली.

दोन वाजता टेबलावर जुनी चादर, सगळ्यांसमोर एकेक काटा. काटा म्हणजे जेवायचा फोर्क, त्याच्या पाठीला तेलाचं बोट लावायचं. सासूबाई फणीवर करतात, नवीन, फक्त याच कामाची ठेवलेली फणी आहे त्यांची, तिच्यावर रेषा बारीक येतात आणि खरं सांगते, जास्त देखण्या येतात. लहान सुपारीएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून पातळ पसरवायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची, शिंपल्यासारखी नळी झाली पाहिजे. शेवटची कड नीट दाबून चिकटवा, नाही तर तेलात उलगडते. झालेले कलकल कोरड्या कापडावर एका थरात आणि वरून पातळ कापड.

चार वर्षांच्या मुलाने केलेले जाड आणि वाकडे होतात. ते पुन्हा वळून सरळ करू नका. वेगळ्या ताटात ठेवा आणि वेगळे तळा (जाड असतात म्हणून वेळ जास्त लागतो), आणि डब्यात ते वरच दिसतील असे ठेवा.

पाच जण असतील तर दोन तास लागतात. या दोन तासांत काही ठरवून बोलायचं नाही. रेडिओ नको, टीव्ही नको, वाटलं तर कोणी एखादं भजन म्हणतं. हातात काम असलं की माणसं आपोआप बोलतात, माझा मोठा मुलगा नववीत आहे, एरवी शाळेत काय झालं विचारलं तर ‘काही नाही’ एवढंच येतं, पण कलकल वळताना खाली बघून बोलायचं असतं ना, कोणाच्या डोळ्यात बघावं लागत नाही, तेव्हा तो सगळं सांगतो. मागच्या वर्षी मित्राशी झालेलं भांडण त्याने असंच सांगितलं, आम्ही कोणी वर पण बघितलं नाही, नुसतं ऐकलं.

आणि इथेच तो एक फोन काढायचा. माझा दीर मस्कतला असतो, तीनच्या सुमारास आम्ही त्याला व्हिडिओ कॉल लावतो आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून टेबलावर ठेवतो. तो पण तिकडे त्याच्या खोलीत वाटीभर पीठ मळून बसतो. फार बोलणं होत नाही, तो तिकडे वळतो, आम्ही इकडे. तुमचं कोणी लांब असेल तर त्यांना प्रमाण आधी पाठवून ठेवा, म्हणजे ते नुसते बघत बसत नाहीत.

तळणं चारनंतर आणि ते एकाच मोठ्या माणसाने करायचं, मुलं त्या वेळी स्वयंपाकघरात नकोत. कढईत दोन इंच तेल, आच मध्यम. पिठाची लहान गोळी टाकून बघा, ती खाली जाऊन सावकाश वर आली की तेल तयार, टाकल्या टाकल्या उसळून वर आली तर तेल फार तापलंय, गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा. पिठात साखर असल्याने रंग पटकन येतो आणि आत कच्चं राहतं, म्हणून घाई नको. एका घाण्याला दोन मुठी, झाऱ्याने सतत हलवत, सहा-सात मिनिटं, फिक्या बदामी रंगावर काढा कारण बाहेर काढल्यावर रंग अजून चढतो. तेल पिऊ लागले तर तेल गार आहे, तेलात उलगडले तर कड दाबली गेली नाही किंवा पीठ कोरडं पडलंय, मग उरलेल्या पिठाला नारळाच्या दुधाचा हात लावून पुन्हा मळा.

पाक: 200 ग्रॅम साखर, ती भिजेल इतकंच पाणी, म्हणजे अर्ध्या वाटीच्या आसपास. दोन तारी झाला की गॅस बंद, निम्मे कलकल त्यात टाका आणि हलवत राहा, मिनिटा-दोन मिनिटांत साखर पांढरी होऊन अंगावर बसते. निम्मे साधेच ठेवा, ज्यांना शुगर आहे त्यांना तेवढेच बरे पडतात, साखर पिठात आहे तरी. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, वाफ धरली की मऊ पडतात. घट्ट डब्यात दोन-तीन आठवडे आरामात टिकतात.

घरात दुःख असेल त्या वर्षी

सासरे गेले त्या वर्षी आम्ही घरी तळण केलं नाही. शेजारणींनी डबे आणून दिले, त्यात दिवाळीला आमच्याकडे फराळ पाठवणाऱ्या काकूंचाही डबा होता. मला वाटलं होतं यंदा हा दिवसच नको, पण सासूबाई म्हणाल्या ठेवा. मग आम्ही फक्त गोठा केला, खिचडी खाल्ली आणि दुपारी जुने फोटो काढून बसलो, मागे नावं आणि साल लिहिली पेन्सिलीने, कारण त्यातल्या निम्म्या लोकांची नावं आता फक्त सासूबाईंनाच माहीत आहेत. सासऱ्यांची खुर्ची टेबलापासून हलवली नाही. तुमच्या घरी असं वर्ष आलं तर दिवस मोडू नका, कामं कमी करा. रडू आलं तर येऊ दे, त्या दिवशी घरात बाहेरचं कोणी नसतं हे तेव्हा फार बरं वाटतं.

संध्याकाळ

सहाला चहा आणि गरम कलकल. मग अंघोळ करा सगळे, तेलाचा वास जातो आणि थकवा पण.

सातला दिवे मालवून आगमनकाळाच्या चक्रातली चौथी मेणबत्ती. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असते, गुलाबी तिसऱ्या रविवारी लावलेली असते, आता चारही पेटतात. आमच्याकडे चौथी मेणबत्ती सासूबाई लावतात. मग लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय, पहिल्या ओवीपासून विसाव्या ओवीपर्यंत, मेंढपाळ परत जातात तिथपर्यंत. आम्ही फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मधून वाचतो, त्यातली मराठी मुलांना थांबून विचारावी लागत नाही, आणि फादर आमच्या वसईचेच, 2024 च्या जुलैमध्ये गेले, त्यामुळे ते पुस्तक हातात घेतलं की मला भरून येतं. वाचायला दरवर्षी वेगळा माणूस द्या. सावकाश वाचलं तरी पाच मिनिटं लागतात. मग एक एक जण एकच गोष्ट सांगतो, या वर्षात कशाबद्दल देवाचे आभार मानायचे आहेत. मोठं भाषण नको. लहानाने ‘गवत उगवलं’ म्हटलं तरी चालतं.

रात्रीचं जेवण सकाळची खिचडी, तूप घालून. भांडी आवरून साडेनऊला दिवे बंद.

झोपायच्या आधी डब्यांवर चिठ्ठ्या लावा, कोणाचा डबा कोणता, नाही तर 24 ला वाटताना कोणीतरी राहून जातं आणि मग ते वर्षभर मनात टोचत राहतं. बाळयेशूची मूर्ती मात्र गोठ्यात ठेवायची नाही हं, गव्हाणी रिकामीच ठेवा. मूर्ती त्याच साडीच्या तुकड्यात कपाटात राहू दे, आणि 24 च्या रात्री मिस्सा करून आलात की घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हातात द्या, झोपलं असेल तर हळूच उठवा.